नांदूर मध्यमेश्वरचा गाळ काढायचा की ठेवायचा?

गोदाकाठ (धागाकर्ता)

नांदूर मध्यमेश्वर म्हणजे नाशिक जिल्ह्यातला गोदावरीवरचा बंधारा. त्याची रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून नोंद २१ जून २०१९ ची, जाहीर झाली जानेवारी २०२० मध्ये. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणून पेपरात फोटो आले, कौतुक झालं. पण पावसाळ्यात सायखेडा-चांदोरीत पाणी शिरलं की मागणी एकच: बंधाऱ्यातला गाळ काढा. आणि हिवाळ्यात चापडगावच्या मनोऱ्यावर दुर्बीण लावणारे म्हणतात, गाळ आहे म्हणून तर पक्षी आहेत.

दोन प्रश्न आहेत.

पहिला, हा बंधारा ब्रिटिशकाळात पाणी कालव्यात वळवायला बांधला. अशा मानवनिर्मित साठ्याला पाणथळ म्हणून संरक्षण द्यायचं म्हणजे नेमकं कशाला द्यायचं? पाण्याला, पक्ष्यांना की गाळाला?

दुसरा, गाळ काढायचाच झाला तर कुठून, किती आणि कोणत्या महिन्यात?

घोषणा नकोत. आकडे आणि पद्धत माहीत असणाऱ्यांनी लिहावं.

अडाणी_बदक

गाळ राहू द्या. चोच बुडवायला दुसरीकडे कुठे जाऊ?

सांडवा

आकड्यांपासून सुरू करू.

रामसर क्षेत्र १,४३७ हेक्टर. सगळ्या क्षेत्रातून सरसकट १० सेंमी थर काढला असं धरा. घनफळ होतं सुमारे १४.४ लाख घनमीटर, म्हणजे १.४४ दलघमी (दशलक्ष घनमीटर). एक ब्रास २.८३ घनमीटर, तेव्हा हे झाले सुमारे पाच लाख ब्रास. चार ब्रासचा हायवा धरला तर सव्वा लाख खेपा.

एवढं करून किती जागा झाली? एक टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी, म्हणजे ही जागा ०.०५ टीएमसी. पुराचा विसर्ग १ लाख क्युसेक असेल तर एक टीएमसी भरायला १०,००० सेकंद लागतात, पावणेतीन तास. ०.०५ टीएमसी भरायला साधारण साडेआठ मिनिटं.

सव्वा लाख खेपा मारून पूर साडेआठ मिनिटं उशिरा आला. मग तो नवा खड्डा पुढच्या दोन-तीन पुरांत परत भरणार, कारण हा साठवण जलाशय नाही, वळण बंधारा आहे. वरून गंगापूर, दारणा, पालखेड या धरणांचं आणि मोकळ्या पाणलोटाचं सगळं पाणी गाळासकट इथूनच जातं. पाण्याचा वेग कमी होतो तिथे गाळ बसतो, हा बंधाऱ्याचा धर्म आहे.

पाटकरी

सांडवासाहेब, गणित बरोबर, पण चुकीच्या प्रश्नाचं. सायखेडा-चांदोरीचा प्रश्न साठ्याचा नाही, वहनाचा आहे.

पुरात बंधारा भरलेलाच असतो. तेव्हा महत्त्व या गोष्टीला की येणारं पाणी किती उंचीवर चढून पुढे सरकतं. फुगवट्याच्या (बंधाऱ्यामुळे मागे तुंबलेल्या पाण्याच्या) वरच्या टोकाला, जिथे नदी संथ होते, तिथे जाड गाळ बसतो. तिथला तळ उचलला गेला की त्याच विसर्गाला पाण्याची पातळी वर जाते आणि तो परिणाम बंधाऱ्यापासून कित्येक किलोमीटर वर जाणवतो. त्यात त्या उंचवट्यांवर बेशरम, पाणकणीस आणि बाभळी माजल्या की प्रवाहाला घर्षण आणखी वाढतं.

त्यामुळे १,४३७ हेक्टरवर १० सेंमी काढणं हा मूर्खपणा, हे मान्य. पण नदीची मूळ धार जिथे गाळाने बुजलीय, तेवढाच पट्टा मोकळा केला तर कमी घनमीटरमध्ये फरक पडतो. दरवाजे वाढवण्याची मागणी आहे ती त्याचसाठी. पुराच्या सुरुवातीलाच दरवाजे पूर्ण उघडले तर थोडा गाळ वाहूनही जातो.

सांडवा

वहनाचा मुद्दा मान्य. माझं गणित "सगळा गाळ उपसा" म्हणणाऱ्यांसाठी होतं.

शेकाट्या

गाळाच्या जाडीपेक्षा मी पाण्याच्या खोलीकडे बघा म्हणेन. पक्षी खोलीप्रमाणे वाटून घेतात.

चिखल ते १० सेंमी: तुतवार, चिखले, बहुतेक छोटे किनारपक्षी. १० ते २० सेंमी: शेकाट्या, चक्रांग, शराटी. फूटभर पाण्यात चमचा आणि चित्रबलाक चालत चालत चोच फिरवतात. थापट्या आणि तलवार बदक पृष्ठभागावरून किंवा शेपटी वर करून खातात, त्यांची पोच साधारण ३० ते ४५ सेंमीपर्यंत. एक मीटरच्या खाली गेलं की उरतात बुडी मारणारे: शेंडी बदक, लालसरी, वारकरी, पाणकावळे.

आता तळाचा उतार बघा. उतार २०० ला १ (२०० मीटर आडवं गेल्यावर १ मीटर खोल) असेल तर पाणी १० सेंमी उतरल्यावर २० मीटरचा नवा चिखलपट्टा उघडा पडतो. पाच किलोमीटर काठ धरला तर १० हेक्टर खाद्यभूमी. तोच काठ पोकलेनने २ ला १ असा कापला तर १० सेंमी उतरल्यावर उघडा पडतो २० सेंमीचा पट्टा. पाणी तेवढंच आहे, जैवविविधतेचा बोर्डही तोच आहे, फक्त तुतवाराला उभं राहायला जागा नाही.

नांदूरला पक्षी दाटीने दिसतात ते या मंद उतारामुळे, आणि हा उतार शंभर वर्षांच्या गाळाने केलाय. कोणी आराखडा काढून केलेला नाही.

अडाणी_बदक

म्हणजे मी वर जे एका ओळीत लिहिलं तेच. :)

कायदेपंडित

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कायद्याच्या अंगाने देतो, कारण इथे बऱ्याच जणांचा गोंधळ असतो.

रामसर कराराच्या व्याख्येत "नैसर्गिक किंवा कृत्रिम" दोन्ही पाणथळी येतात. कराराच्या वर्गीकरणात धरणं, बंधारे आणि साठवण तलावांना स्वतंत्र प्रकार आहे. भारतातच बघा: पंजाबातलं हरिके, हिमाचलचा पाँग जलाशय, भोपाळचा भोज तलाव, गुजरातचे थोळ आणि वढवाणा. सगळे माणसाने अडवलेल्या पाण्यावर उभे आहेत आणि सगळे रामसर यादीत आहेत.

आपल्याकडच्या २०१७ च्या पाणथळ नियमांची व्याख्या मात्र उलट दिशेने जाते. पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले तलाव आणि सिंचन, मत्स्यशेती, मीठ, करमणूक यांसाठी खास बांधलेल्या रचना ती वगळते. म्हणजे साधं सिंचन धरण या नियमांखाली पाणथळ ठरत नाही. पण त्याच नियमांत रामसर स्थळांना ते लागू आहेत असं स्वतंत्रपणे लिहिलंय. शिवाय जो भाग वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आधीच येतो तिथे हे नियम लागू नाहीत, तिथे १९७२ चा कायदा चालतो.

नांदूर १९८६ पासून अभयारण्य आहे. म्हणून इथे कामाचं कलम २९. अभयारण्यातला अधिवास नष्ट करणं, त्यात बदल करणं, तसंच अभयारण्यात येणारं किंवा बाहेर जाणारं पाणी वळवणं, अडवणं किंवा वाढवणं, यापैकी काहीही मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवान्याशिवाय करता येत नाही. आणि तो परवाना वन्यजीवांच्या व्यवस्थापनासाठी आवश्यक असेल तरच. "पूर कमी होईल" एवढं कारण कागदावर पुरत नाही. गाळ काढायचा प्रस्ताव अधिवास सुधारणा म्हणूनच मांडावा लागतो, आणि तो खरोखर तसा असावा लागतो.

गोदाकाठ

मग गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेतून इथे गाळ नेता येत नाही का?

कायदेपंडित

योजना आहे म्हणून कलम २९ बाजूला सरकत नाही. आधी परवाना, मग योजना. बाकी जलाशयांवर, जिथे अभयारण्य नाही, तिथे योजना सरळ चालते.

निफाडकर

या चर्चेत एक गोष्ट राहतेय. अभयारण्य कागदावर सुमारे १०० चौरस किलोमीटर, रामसर क्षेत्र १,४३७ हेक्टर, म्हणजे साडेचौदा चौरस किलोमीटरसुद्धा नाही. मधल्या फरकात गावं आहेत, द्राक्षबागा आहेत, ऊस आहे. ज्याच्या सातबाऱ्यावर अभयारण्याची छाया आहे त्याला विहीर, शेड, रस्ता या सगळ्याला प्रश्न. तो पक्ष्यांवर खूश राहील ही अपेक्षा जरा जास्तच आहे. हद्द पाण्याच्या आणि काठाच्या मानाने नीट आखली तर निम्मी भांडणं मिटतील.

टिबुकली

+१ निफाडकर. पण हद्द काठालगत आखताना पूरपातळीच्या आत नको. २०१७ च्या नियमांत पक्क्या बांधकामाला मनाई आहे ती गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी महत्तम पूरपातळीपासून ५० मीटरपर्यंत. तेवढं अंतर तरी धरावं.

आता बेटांबद्दल. सगळे हिवाळी पाहुण्यांवर बोलतात. इथे उन्हाळ्यात वीण होते ती नदी सुरय, आर्ली, टिटवी यांची, उघड्या वाळूवर किंवा गाळाच्या बेटावर, मार्च ते मे. घरटं म्हणजे जमिनीतला वाटीएवढा खळगा. अंड्यापासून पिल्लू उडेपर्यंत सहा ते आठ आठवडे जातात. तेवढ्या काळात दोन प्रकारे नुकसान होतं.

पाणी वाढलं तर बेट बुडतं. पाणी फार उतरलं तर बेटाचं टोक काठाला जोडलं जातं आणि कुत्री, कोल्हे चालत येतात. दुसरं नुकसान कोणाच्या लक्षात येत नाही, कारण बेट तर तिथेच दिसत असतं.

बेट मुद्दाम करायचं असेल तर: माथा पूर्ण संचय पातळीच्या अर्धा ते पाऊण मीटर वर. बाजूचा उतार १० ला १ किंवा त्याहून मंद, नाहीतर लाटा कडा खातात आणि पिल्लं पाण्यात पडली की परत चढू शकत नाहीत. माथ्यावर वाळू आणि बारीक खडी, झाडं अजिबात नाहीत. काठ आणि बेट यांच्यामध्ये उन्हाळ्यातल्या नीचांकी पातळीलाही किमान एक मीटर खोल आणि ५० मीटर रुंद पाणी. कुत्रं पोहतं, पण विनाकारण एवढं पोहत नाही.

चित्रबलाक, बगळे, पाणकावळे यांना मात्र बाभळीची झाडं लागतात, पायथ्याशी पाणी असलेली. ते बेट वेगळं ठेवा. सुरयांच्या बेटावर एक बाभूळ आली की तिच्यावर कावळा बसतो आणि अंडी संपतात. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमांना बेटांपासून लांब ठेवा, ही हात जोडून विनंती.

पाटकरी

टिबुकलीताईंच्या मुद्द्याला पाण्याचं गणित जोडतो, कारण बेट बुडवणारा माणूस बहुतेक वेळा त्या बेटाचं नावही ऐकलेला नसतो.

समजा पाणी हजार हेक्टरवर पसरलंय. वरच्या धरणांतून उन्हाळी आवर्तन सुटलं आणि येणारं पाणी कालव्यांत जाणाऱ्यापेक्षा फक्त ५०० क्युसेकने जास्त आहे. ५०० क्युसेक म्हणजे सेकंदाला १४ घनमीटर. तासाला पाव बोट, म्हणजे अर्धा सेंमीच्या आसपास. ऐकायला काहीच नाही. दिवसाला १२ सेंमी. तीन दिवसांत फूटभर. एवढ्यात आर्लीची सगळी वसाहत गेली.

उपाय फुकटात आहे. आवर्तन येतं त्याच्या आधी कालव्यांचे विमोचक (पाणी सोडायचे दरवाजे) उघडून जागा करायची आणि पातळी एका पट्ट्यात धरायची. पाणी कालव्यात आपोआप चढायला बंधाऱ्यात विशिष्ट पातळी लागते, त्यामुळे वळण बंधाऱ्यावर पातळी तशीही फार हलत नाही. फक्त मार्च ते मे ती १० सेंमीच्या आत ठेवायची आणि तो आकडा दरवाज्यावरच्या माणसाच्या वहीत लिहिलेला असायचा. पावसाळ्यानंतर मात्र उलट: ऑक्टोबरपासून दिवसाला दोन-तीन सेंमी अशा चालीने हळूहळू उतरवलं तर शेकाट्याभाऊंचे चिखलपट्टे दोन महिने पुरतात. एकदम उतरवलं तर सगळा चिखल एकाच आठवड्यात उघडा पडून वाळतो, आत किडा राहत नाही.

अडचण एवढीच की वनविभागाच्या हातात दरवाजा नाही आणि जलसंपदाच्या पाणी वाटपाच्या बैठकीत पक्ष्यांचा विषय नाही.

शेकाट्या

पाटकरी, हा प्रतिसाद वर चिकटवून ठेवायला हवा.

मरळ

पाणी किती यावर खूप झालं, पाणी कसलं यावर कोणी बोलत नाही. वर नाशिक शहर आहे. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद संथ पाण्यात आलं की जलपर्णी. अनुकूल दिवसांत आठ-पंधरा दिवसांत दुप्पट होते. दहा गुंठ्यांची जलपर्णी दोन महिन्यांत कुठे जाते ते मोजा.

काढताना होणारे घोळ:

फुलं येऊन गेल्यावर काढतात. बी तळात पडतं आणि ते वर्षानुवर्षं जिवंत राहतं, पंधरा-वीस वर्षंसुद्धा. काढायची ती फुलोऱ्याआधी.

काठावर ढीग लावतात. पावसात पाणी चढलं की तीच परत तरंगते. ढीग पूरपातळीच्या वर हवा. वजनातलं नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, म्हणून आधी दोन-तीन दिवस काठावर निथळू द्या आणि मग वर न्या, वाहतूक निम्म्याहून कमी होते.

तणनाशक मारतात. मेलेली जलपर्णी तळाला जाऊन कुजते, विरघळलेला प्राणवायू संपतो, पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात आणि दुपारपर्यंत पोटं वर. याला मग "अज्ञात कारणाने मासे मृत" म्हणतात.

चांगली पद्धत म्हणजे वरच्या बाजूला, प्रवाहाला तिरका दोर. रिकामी सीलबंद पिंपं जोडून तरंगता अडसर करायचा आणि एका काठाला गोळा होईल तिथून उचलायची. दोर आडवा सरळ बांधला तर दाबाने मधोमध फुगतो आणि तुटतो. पावसाळ्याआधी सोडून ठेवायचा.

सगळी काढू नका मात्र. जांभळी पाणकोंबडी आणि कमळपक्षी तिच्यावर घरटी करतात. काठालगत तुकड्या-तुकड्यांनी पाच-दहा टक्के राहिली तर बिघडत नाही, फक्त ती दोराने बांधलेली हवी.

अडाणी_बदक

भुंगे सोडायचे ना जलपर्णीवर?

मरळ

सोडतात, निओचेटिना नावाचे. बंद तळ्यात काही वर्षांत परिणाम दिसतो. इथे दर पावसाळ्यात पूर जलपर्णी आणि भुंगे दोघांनाही जायकवाडीला पोचवतो. भुंगे हळू वाढतात, जलपर्णी झपाट्याने. शर्यत ठरलेली आहे.

गोदाकाठ

जायकवाडीचा विषय निघालाच आहे तर विचारतो. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, हाही १९८६ पासून अभयारण्य. तिथे हाच हिशेब लागू होतो का?

सांडवा

नाही, तो प्रकारच वेगळा. एकूण साठा २,९०९ दलघमी, त्यातला उपयुक्त २,१७१. बुडीत क्षेत्र सुमारे ३५० चौरस किलोमीटर. भागून बघा, सरासरी खोली आठ मीटरच्या आसपास येते. एवढ्या मोठ्या धरणाला ही खोली उथळच. पण १५२२ फुटांची पूर्ण पातळी आणि मृतसाठा (दरवाज्यांतून सोडता न येणारं तळाचं पाणी) यांच्यात पाणी कित्येक मीटर वरखाली होतं. नांदूरला काठ जवळपास जागेवर राहतो, नाथसागरला काठ उन्हाळ्यात किलोमीटरभरसुद्धा आत सरकतो. पाणवनस्पतींना तिथे कायमची मुळं धरता येत नाहीत. उजनीचं तर विचारू नका, तिथे मृतसाठाच ६३ टीएमसीच्या वर आणि उपयुक्त साठा त्याहून कमी, ५३ च्या आसपास. "उजनी उणे" हा शब्द त्यातूनच आला. तरी उजनीच्या काठच्या भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) येतात, कारण फुगवट्याच्या टोकाला उथळ गाळ आहे. परत गाळच!

निफाडकर

नाथसागरचा खरा प्रश्न गाळपेर. पाणी ओसरलं की धरणग्रस्तांना आणि काठच्या लोकांना एकसाली पट्ट्याने ती जमीन कसायला मिळते. कलिंगड, काकडी, हरभरा, मका. खत कमी लागतं, ओल असतेच. पण पुढच्या पावसाळ्यात तीच जमीन पाण्याखाली जाते, त्यावर मारलेलं कीटकनाशक घेऊन. इंजिनं आणि पाइप टाकून पार पाण्याच्या कडेपर्यंत नांगरलं की चिखलपट्टाही गेला आणि टिटवीची घरटीही.

गाळपेर बंद करा म्हणणं सोपं आहे. ज्याची मूळ जमीन धरणात गेली त्याला तेवढं तरी मिळायला हवं.

शेकाट्या

बंद नको, पट्टा सोडा. पाण्याच्या कडेपासून १०० मीटर नांगर नाही, त्यात गुरं चरली तरी चालेल. चरलेलं आखूड गवत पट्टकादंबांना (हिवाळ्यात येणाऱ्या हंसबदकांना) आवडतं, शिवाय ते कोवळा हरभरा आणि गहूही खातात, त्यामुळे शेतकरी वैतागतो. पाँग जलाशयावर हेच भांडण अनेक वर्षं चालू आहे, तिथेही ओसरलेल्या जमिनीवर शेती आणि तिथेही हजारोंनी कादंब.

टिबुकली

पाँगवरून आठवलं. डिसेंबर २०२० मध्ये तिथे बर्ड फ्लूने कादंब मोठ्या संख्येने मेले. आणि २०१९ च्या नोव्हेंबरात सांभर सरोवरावर हजारो पक्षी मेले ते बॉट्युलिझमने (जिवाणूच्या विषाने येणाऱ्या लकव्याने). दोन्हींत पहिल्या दिवसाचं काम सारखंच: हात लावायचा नाही, वनविभाग आणि पशुसंवर्धन दोघांना कळवायचं, नमुने तेच घेतात आणि भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत जातात. फरक पुढे आहे. बॉट्युलिझममध्ये मेलेला पक्षी, त्यावरच्या अळ्या, त्या खाणारा पुढचा पक्षी अशी साखळी चालते, म्हणून मेलेले पक्षी रोजच्या रोज उचलून जाळणं किंवा खोल पुरणं हाच उपाय. दोन दिवस पंचनाम्यात गेले की आकडा कुठल्या कुठे जातो.

लक्षणं बघताना: मान टाकलेली, पाय लुळे, पण पक्षी शुद्धीत, हे बॉट्युलिझमकडे बोट दाखवतं. खात्री प्रयोगशाळेतच.

पाणवठा_२

मी नवीन सदस्य. गणनेबद्दल विचारायचं होतं. रामसरसाठी २०,००० पक्षी लागतात असं ऐकलंय, ते मोजतात कसे?

शेकाट्या

२०,००० पाणपक्षी नियमित असणं हा एक निकष. दुसरा, एखाद्या जातीच्या लोकसंख्येपैकी एक टक्का तिथे असणं. आणखीही निकष आहेत, सगळे पूर्ण करावे लागत नाहीत, एक पुरतो.

मोजणी जानेवारीत, आशियाई पाणपक्षी गणनेच्या वेळी. सगळ्या केंद्रांवर एकाच सकाळी, एकाच वेळेत, नाहीतर खाणगाव थडीला मोजलेला थवा चापडगावला परत मोजला जातो. दुर्बिणीपेक्षा तिकाटण्यावरचा टेलिस्कोप बरा, २० पट भिंगावर आधी पूर्ण पाणी झाडायचं, मग भिंग वाढवायचं. सूर्य पाठीशी. मोठा थवा असेल तर दहा पक्षी मोजून तेवढा आकार डोळ्यांत धरायचा, मग शंभराचा, आणि त्या मापाने थवा कापत जायचं. आधी एकूण, मग जातींचं प्रमाण. वारकऱ्यांच्या गर्दीत लालसरी लपते, म्हणून वारकरी शेवटी मोजा.

थवा उडाला तर तो आकडा सोडून द्या. उडालेल्या थव्याचा अंदाज नेहमी जास्त येतो आणि तोच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो.

अडाणी_बदक

मला गेल्या वेळी तीनदा मोजलं. मी काही बोललो नाही.

गोदाकाठ

:) मूळ विषयावर येऊ. पाटकरी आणि सांडवा, तुम्ही दोघांनी मिळून सांगा, वहनासाठी धार मोकळी करायची आणि शेकाट्यांचे चिखलपट्टेही ठेवायचे, हे जमतं का?

सांडवा

जमतं, पण क्रम पाळला तर.

आधी खोलीमापन. बोटीवर प्रतिध्वनी खोलीमापक आणि जीपीएस, ५० मीटर अंतराच्या आडव्या रेषा. त्यातून जुनी धार कुठे आहे ते दिसतं. हे न करता पोकलेन उतरवला की तो सोप्या जागेतून, म्हणजे काठालगत खणतो, आणि तीच पक्ष्यांची जागा.

मग धारेचा पट्टा ठरवायचा. रुंदी प्रवाहाच्या गणितावरून. दोन्ही बाजूंना उथळ भाग तसाच ठेवायचा. खणलेल्या पट्ट्याची बाजू धारेकडे ५ ला १, काठाकडे शक्य तितकी मंद, किमान २० ला १. मध्येच खड्डे सोडायचे नाहीत. पाणी उतरलं की त्या खड्ड्यांत मासे अडकतात आणि दोन दिवसांत मरतात.

गाळ बाहेर न्यायचा, काठावर टाकायचा नाही. काठावर बांधासारखा टाकला की पूर काठाबाहेर पसरू शकत नाही आणि पातळी आणखी वर चढते. थोडा गाळ टिबुकलीताईंच्या मापाने बेटांना वापरता येईल. शेतात टाकण्याआधी वरच्या थराचं माती परीक्षण, जड धातूंसकट. शहराखालचा गाळ आहे, सरसकट द्राक्षबागेत टाकू नये.

टिबुकली

आणि महिना? एप्रिल-मे मध्ये पाणी कमी म्हणून यंत्रं तेव्हाच येतात. पण वीण तेव्हाच.

पाटकरी

तिथेच अडतं. डिसेंबर-जानेवारीत पाहुणे पक्षी, मार्च ते मे वीण, जूनपासून पाऊस. हातात येतो तो फेब्रुवारीचा शेवटचा पंधरवडा आणि मार्चची सुरुवात, तोही जिथे आर्ली बसलेली नाही अशा भागात. म्हणून एका वर्षात सगळं करायचं नाही. पट्ट्याचे चार-पाच तुकडे, एका हंगामात एक तुकडा, बाकी शांत. बेटांपासून २०० मीटरच्या आत यंत्र नाही. आणि पातळी त्या पंधरवड्यापुरतीच उतरवायची, कालव्याचं आवर्तन संपल्यावर, म्हणजे शेतकऱ्यांची ओरडही नाही.

कायदेपंडित

असा प्रस्ताव असेल तर कलम २९ च्या चौकटीत बसवता येईल. अट एकच, उद्देशात "मंद उताराचा उथळ अधिवास राखणे व प्रवाह मोकळा करणे" असं लिहा आणि खोलीमापनाचे नकाशे जोडा. "गाळ काढणे" एवढंच लिहिलं तर परत येईल.

निफाडकर

कामाचं मोजमाप ब्रासवर ठेवू नका. ब्रासवर बिल निघतं तेव्हा जास्त खणणाऱ्याचा फायदा, आणि उतार कोण तपासतो? काम संपल्यावर त्याच आडव्या रेषांवर दुसरं खोलीमापन करायचं, आराखड्यातल्या छेदाशी (तळाच्या आडव्या कापाच्या आकाराशी) जुळलं तरच बिल. करारात ही ओळ नसेल तर बाकीचं सगळं कागदावर राहील.

सांडवा

निफाडकरांशी सहमत. छेदावर बिल, आणि आराखड्याखाली १५ सेंमीपेक्षा जास्त खणलं तर त्याचे पैसे नाहीत, हीसुद्धा ओळ घाला.

मरळ

त्यात तंगूसची (नायलॉन दोऱ्याची) टाकून दिलेली जाळी काढण्याचं कामही जोडा. यंत्र उतरणारच आहे. तळात आणि बेशरमाच्या खुंटांत अडकलेली जाळी कोणी काढत नाही आणि बुडी मारणारी बदकं त्यातच जातात. किलोवर दर द्या, मासेमारीवाले स्वतःच आणून देतील.

गोदाकाठ

सगळ्यांचं एकत्र करून मसुदा करतो. खोलीमापनाच्या रेषांच्या अंतराबद्दल एक शंका: ५० मीटर सगळीकडे की धारेजवळ कमी?

सांडवा

धारेजवळ २५, बाकी ५०. बेटांभोवती बोट नेऊ नका, तिथे काठीने मोजा.